कागदाची बिजागरी

ज्या माणसाच्या वर्कशॉपमधून वर्षाला हजारभर दरवाजे बाहेर पडतात, त्याला त्याच्याच मुलीनं सहा साध्या चौकटी करू देऊ नयेत, याचा मला राग आला होता. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. तेव्हा मात्र मी त्या रागाला काळजी म्हणत होतो.

ईशानी माझी एकुलती एक. शारजात जन्मली, तिथल्याच अल नहदा भागातल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर वाढली, इंटिरियर डिझाइन शिकली आणि दुबईच्या एका फर्ममध्ये लोकांच्या किचनची ड्रॉइंग्ज करायला लागली. मला वाटलं, चला, पोरगी मार्गाला लागली. पुढेमागे अजमानच्या माझ्या वर्कशॉपात येईल, बोर्डावर बापाच्या नावाखाली तिचं नाव लागेल. आणि अशात तिला जपानी पडद्यांचं खूळ लागलं.

खिडकीचे पडदे नव्हेत, घडीचे पडदे. ब्योबू म्हणतात त्याला. सहा उभ्या चौकटी एकमेकींना जोडलेल्या, त्यांच्यावर कागद आणि कागदावर एकच सलग चित्र. जमिनीवर नागमोडी उभा करायचा. चित्र उजवीकडून डावीकडे बघत जायचं, आपण इथे अरबी पाट्या बघतो तसं. संध्याकाळी ऑफिसातून आली की ती लॅपटॉप उघडून मला एकेक दाखवायची आणि मी एकेकाची टिंगल करायचो.

एका पडद्यावर सोनेरी जमिनीवर वाघ होते. तिनं सांगितलं, हे काढणाऱ्यांनी जिवंत वाघ कधी पाहिलाच नव्हता, आलेल्या कातड्यांवरून काढले. मी म्हटलं, “तरीच डोळे आपल्या खालच्या पार्किंगमधल्या मांजरासारखे आहेत.” दुसऱ्यावर नुसती काळी शाई, कोपऱ्यात धुक्यात चार झाडं आणि बाकी सगळा कागद कोरा. मी म्हटलं, “या माणसाला पेमेंट पूर्ण मिळालं का अर्धं?” मग एक निघाला, सबंध सोन्याच्या वर्खावर निळी फुलं, बस्स, फुलंच. तो मला आवडला, पण कबूल कोण करणार! आणि शेवटी तिचा लाडका प्रकार. आख्खं शहर वरून पाहिलेलं, घरांची छपरं काढून टाकलेली, आत माणसं जेवतायत, भांडतायत, केस विंचरतायत. आणि मध्ये मध्ये सोन्याचे ढग.

“ढगांखाली काय आहे?” मी विचारलं.

“नथिंग, बाबा. इट्स अ पॉज. सगळं दाखवलं तर बघणारा दमतो.”

“म्हणजे काम वाचवायची आयडिया,” मी म्हटलं. ती हसली. तेव्हा ती माझ्या असल्या बोलण्यावर हसायची.

दर हिवाळ्यात क्योटोहून एक बाई शारजातल्या एका छोट्या कलासंस्थेत शिकवायला यायच्या. साठीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. मुलं त्यांना सेन्सेई म्हणायची, म्हणजे आपल्या शाळेतल्या ‘बाई’. क्योटोला त्यांचं जुने पडदे दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. पुढच्या हिवाळ्यात त्या इथल्या आठ विद्यार्थ्यांतून एकाला दोन वर्षांसाठी तिथं शिकायला नेणार होत्या. अट एकच. प्रत्येकानं एक सहा घड्यांचा पडदा करायचा, चौकटीपासून चित्रापर्यंत सगळा स्वतःच्या हातानं. ईशानीला आयुष्यात काही इतकं हवंसं झालेलं मी पाहिलं नव्हतं. रात्री जेवताना तिचं तेच, सकाळी गाडीत तेच.

“चौकटी मी कापून देतो,” मी म्हटलं. “मशिनवर दहा मिनिटांचं काम. यल्ला, चल, ड्रॉइंग काढ.”

“नो, बाबा. इट हॅज टू बी माय हँड्स.”

“अगं, नुसतं लाकूड कापायचं. चित्र तूच काढ.”

“नो, बाबा.”

मृणालिनी, माझी बायको, आमटी वाढता वाढता म्हणाली, “अहो, तिला करू द्या ना. तुमच्याशिवाय जगात कुणाला लाकूड कापता येत नाही का?”

मला ते लागलं. सत्तावीस वर्षं याच हातांनी घर चालवलं, आणि आता पोरीला ते हात नकोत!

तिनं हॉलमध्येच संसार मांडला. सोफा गॅलरीत गेला. हातकरवतीनं पट्ट्या कापल्या, जाळीसारख्या चौकटी जुळवल्या. तिसऱ्या चौकटीचा कोपरा काटकोनात नव्हता, मला लांबूनच दिसत होतं. दोन दिवस मी जीभ चावत बसलो. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तो उकलला आणि परत जुळवला. मग कागदाचे थर. गव्हाची खळ करून, गाळून, पातळ करून एकावर एक सहा थर. आणि मग जोड.

जोड कागदाचे होते. मला आधी खरंच वाटेना.

“कागदाची बिजागरी? ईशू, लोक हसतील.”

“बाबा, लुक.” तिनं दोन चौकटी शेजारी ठेवल्या. कागदाची एक पट्टी पुढून मागे गेली, तिच्याखालची मागून पुढे, परत एक पुढून मागे. “आता ही दोन्ही बाजूंना उघडते. आणि मध्ये गॅप राहत नाही. आधी लोक प्रत्येक चौकटीला वेगळी किनार करायचे, सहा तुकड्यांची सहा चित्रं. ही बिजागरी सापडली तेव्हा चित्र एक झालं. दॅट्स द होल पॉइंट, बाबा. सेन्सेई फर्स्ट हेच बघणार.”

तेवढ्यात एका क्लायंटचा फोन आला आणि मी उठलो. तिचं वाक्य मी ऐकलं होतं, पण कानाआड केलं होतं. आमच्या धंद्यात कागदावर बिल करतात, दरवाजा टांगत नाहीत.

चित्राला चार महिने लागले. तिनं अल नहदाच काढलं होतं. सोन्याच्या ढगांतून वर आलेले आमचे टॉवर, पाँड पार्कच्या कडेनं चालणाऱ्या बायका, शारजा–दुबईच्या हद्दीवर तुंबलेल्या गाड्या, बसची रांग, कॅफेटेरियात चहा पिणारे टॅक्सीवाले. टॉवरांची छपरं काढलेली. अकराव्या मजल्यावर मृणालिनी पोळ्या लाटत होती. गॅलरीत मी. एक हात कमरेवर, एका हातात फोन, तोंड उघडं. कुणावर तरी ओरडत असणार. मी बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या घडीच्या मध्ये उभा होतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पडदा नागमोडी उभा केला आणि तुम्ही चालत गेलात, की मी वळून तुमच्याकडे बघतोय असं वाटायचं.

मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. “पोट जरा जास्त काढलंयस,” एवढंच म्हणालो. चित्र मनापासून आवडलं होतं, पण ते तिला कळू दिलं नाही. सांगायला हवं होतं.

शनिवारी दुपारी चार वाजता संस्थेच्या हॉलमध्ये आठही पडदे मांडायचे होते. ईशानी सकाळीच मांडणीला गेली. पडदा पिकअपमधून न्यायचं काम मला मिळालं. अख्ख्या वर्षात तिनं मला दिलेलं हे एकच काम. जाताना माझ्या हातात एक डबी दिली. त्यात कागदाच्या जादा पट्ट्या आणि खळीची छोटी बाटली होती.

“काही झालं तर मला कॉल कर. प्लीज डोंट टच इट, ओके?”

“ओके, मॅडम.”

सामानाच्या लिफ्टमधून बाहेर काढताना पडदा दाराला टेकला आणि खालची एक पट्टी दोन बोटं फाटली. एवढंच झालं होतं. तिला फोन केला असता तर ती अर्ध्या तासात येऊन पट्टी चिकटवून गेली असती. फोन माझ्या खिशातच होता.

पण मला त्या फाटक्या पट्टीत माझं म्हणणं खरं झालेलं दिसलं. बघा, म्हटलं, घरातून खालीसुद्धा धड पोचला नाही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर कोसळला तर? पोरीची वर्षाची मेहनत. आपण इतक्या परक्या लोकांचे दरवाजे पक्के केले, तिचा नाही करायचा? गाडी हॉलकडे न नेता मी अजमानला नेली.

प्रकाश माझा फोरमन. चिपळूणचा, वीस वर्षं माझ्याबरोबर. त्यानं पडदा टेबलावर आडवा घातला आणि नुसता बघत राहिला.

“साहेब, ताईंना एक फोन लावू या का?”

“तिला सरप्राइज देऊ.”

“नाही, पण त्यांनी हात लावू नका म्हटलंय, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत ना?”

“प्रकाश, बाप कोण आहे, तू का मी?”

मी चांगल्यातल्या पितळी बिजागऱ्या काढल्या, बारीक, आतून बसणाऱ्या, महागड्या व्हिलांसाठी ठेवलेल्या. पाचही जोडांवर कटर फिरवला. कागद काही कुरकुरला नाही, अगदी मुकाट कापला गेला. बिजागरी सपाट बसावी म्हणून कडा रंध्यानं दोन दोन मिलिमीटर काढल्या. सोन्याचा वर्ख भुशात मिसळून खाली पडत होता आणि मी फुंकर मारून टेबल साफ करत होतो. पटाशीनं खाचा पाडल्या, पंधरा बिजागऱ्या, एकूण एक स्क्रू सरळ रेषेत. दोन वाजता पडदा उभा केला. ढिम्म हलला नाही. माझ्या आयुष्यातल्या उत्तम कामांपैकी ते एक होतं, हे आजही सांगतो.

प्रकाश म्हणाला, “साहेब, तुम्ही मधून गेलात.” त्यानं तिसऱ्या जोडाकडे बोट दाखवलं. गॅलरीतला मी दोन तुकड्यांत उभा होतो आणि मधून मागची भिंत दिसत होती. नाकाचा भाग रंध्याखाली गेला होता.

“एवढं कोण बघतंय,” मी म्हटलं.

साडेतीनला हॉलमध्ये पोचलो. प्रकाशनं आणि मी पडदा जागेवर ठेवला आणि ईशानीनं वरचं ब्लँकेट काढलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, निदान रडेल. तिनं पहिल्या जोडावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्यावर थांबली.

“बाबा, व्हॉट डिड यू डू?”

“पट्टी फाटली होती गं. आता मजबूत केलाय. पन्नास वर्षं हलणार नाही.”

माझ्या हातातली डबी घेऊन, उघडून तिनं त्या जादा पट्ट्या बघितल्या आणि डबी परत बंद केली. एव्हाना लोक यायला लागले होते. मृणालिनी शेजारणींना घेऊन आली होती आणि लांबूनच हात हलवत होती.

सेन्सेई एकेक पडदा बघत आमच्यापाशी आल्या. चित्रासमोर बराच वेळ थांबल्या. मृणालिनीच्या पोळ्यांपाशी वाकून हसल्यासुद्धा. मग त्या जोडाकडे आल्या. चष्मा वर करून बिजागरीवर नख फिरवलं, घडी मिटली, उघडली. इंग्रजीत म्हणाल्या, “फार सफाईदार काम आहे. हे कुणी केलं?”

आता मी काय सांगू? माझी छाती फुगली. त्या कौतुक करतायत असं मला वाटलं.

“आय डिड,” ईशानी म्हणाली.

आणि मला, तिच्या बापाला, त्या क्षणी राग आला की पोरगी माझं श्रेय घेतेय. इतका मूर्ख माणूस अख्ख्या शारजात दुसरा नसेल.

“तू केलंस?” त्यांनी परत विचारलं.

“येस, सेन्सेई.”

“कागदाचे जोड तू कापलेस?” हे विचारताना बाई माझ्याकडे बघत होत्या. बाप म्हणून बघत असतील, असं मला वाटलं.

“येस.”

आता मला समजलं. ती माझ्यावर पांघरूण घालत होती. इतक्या लोकांसमोर, आईसमोर, प्रकाशसमोर बापाची शोभा नको म्हणून. बोलायला तीन शब्द पुरले असते. माझ्या इंग्रजीतसुद्धा ते जमले असते. मी तोंड उघडलंही. पण मागे प्रकाश उभा होता, बाजूला मृणालिनीच्या मैत्रिणी मोबाइल धरून उभ्या होत्या, आणि मला वाटलं, आत्ता नको, नंतर बाईंना बाजूला घेऊन सांगू. बाई अजून तिथेच उभ्या होत्या. प्रकाशनं माझ्या कोपराला हळूच हात लावला आणि मी तो झटकला.

बाईंनी मान हलवली. शांतपणे म्हणाल्या, “चित्र फार चांगलं आहे. पण ज्या हातानं हा जोड कापला, त्या हातात मी चारशे वर्षांचा पडदा देऊ शकत नाही.” आणि पुढच्या पडद्याकडे गेल्या.

निवड आठांतल्याच उमैमा नावाच्या मुलीची झाली. तिचं चित्र साधंच होतं, दोन खजुराची झाडं आणि कोरा कागद. ईशानीनं तिला मिठी मारली आणि ती मिठी खोटी नव्हती. बाईंना बाजूला घेऊन मी काही सांगितलं नाही. त्यांच्याभोवती गर्दी होती. मग त्या निघून गेल्या.

घरी जाताना मृणालिनी सारखी विचारत होती, “अगं, असं कसं झालं? इतकं सुंदर तर होतं!” ईशानी म्हणाली, “इट्स ओके, आई. उमैमा वॉज बेटर.” मी गाडी चालवत होतो. सिग्नल सुटला तरी मागच्यानं हॉर्न मारेपर्यंत मला कळलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं भांडण केलंच नाही. सोफा गॅलरीतून हॉलमध्ये परत आला. सोमवारी ती ऑफिसला गेली. अजूनही किचनची ड्रॉइंग्ज करते. माझ्याशी नीट बोलते, “बाबा, औषध घेतलं का?” विचारते. लॅपटॉप मात्र मला परत कधी दाखवला नाही. मीही वाघामांजरांवरून पुन्हा काही बोललो नाही.

मी काय केलं? वर्कशॉपात माझ्या केबिनचं दार लावून प्लायवूडच्या दोन फळ्या आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन बसायला लागलो. इंटरनेटवर बघून खळ शिजवली. एक पट्टी पुढून मागे, एक मागून पुढे. पहिल्यांदा गाठच पडल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा एकाच बाजूला उघडलं. सहाव्या की सातव्या वेळी दोन्ही बाजूंना उघडलं, आणि मध्ये केस जाईल इतकीही फट नव्हती. मी ते दिवसभर उघडमीट करत बसलो, चारशे वेळा तरी केलं असेल. काही झालं नाही. माझ्या पितळेला महिन्याभरात तेल लागतं. केबिनमध्ये बसून मी रडलो. प्रकाश चहा घेऊन आला होता, तो काचेतून बघून परत गेला.

त्याच दिवशी मी बाईंना मेल लिहिलं. पंचवीस वर्षं कोटेशनं लिहिणाऱ्या माणसाचं इंग्रजी. ‘विथ रेफरन्स टू’ पासून सुरुवात आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ वर शेवट. पण मध्ये सगळं लिहिलं. पट्टी फाटली, फोन केला नाही, मी कापलं, ती खोटं बोलली ती माझ्यासाठी, तिला घ्या. उमैमाला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

नवव्या दिवशी उत्तर आलं. लहानसंच होतं, माझ्या नावापुढे आपल्या ‘राव’सारखं जपानी ‘सान’ लावलेलं.

‘राजन-सान, तुमचं पत्र मिळालं. आता माझी तब्येत ठीक नसते. उमैमा माझी शेवटची विद्यार्थिनी आहे. त्या बिजागऱ्या तुमच्या मुलीच्या नव्हत्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. तसं काम करायला हाताला वीस वर्षं लागतात. म्हणून मी तीनदा विचारलं. तुम्ही तिच्या शेजारीच उभे होतात. मी थोडा वेळ थांबले होते.’

मी ते केबिनमध्ये वाचलं, गाडीत वाचलं, लिफ्टमध्ये वाचलं. घरी आलो तर ईशानी डायनिंग टेबलावर ऑफिसचं काम करत होती. मृणालिनी खाली गेली होती. या वेळी नंतर सांगू म्हटलं नाही. फोन सरळ तिच्यापुढे ठेवला. तिनं आधी माझं मेल वाचलं, मग बाईंचं. परत वर जाऊन माझं वाचलं. मला वाटलं, आता तरी बोलेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल.

“आय वेटेड टू, बाबा,” ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात परत दिला.